चार बोटं खाली उतरलेली मायक्रा

इंग्लंडात येऊन माणसं घर घेतात, पासपोर्ट घेतात, काही जण तर कुत्रीसुद्धा घेतात. परीक्षित देशकरने मायक्रा घेतली! आणि घेतली त्याच दिवशी, स्लाऊच्या भाड्याच्या घरासमोर उभं राहून, तिच्या बॉनेटवर थाप मारत त्याने जाहीर केलं, "विन्या, बघच तू! या गाडीचं असं काही करून दाखवतो ना, की एम-फोर हायवेवर बीएमडब्ल्यूवाले बाजूला होऊन रस्ता देतील!"

विनय म्हणजे त्याचा घरातला भागीदार. पक्का पुणेकर. त्याने चहाचा घोट घेत गाडीकडे पाहिलं. वांगी रंग, तीन दारं, गोल गोल भाबडे दिवे आणि मागच्या काचेवर मांजरीचं स्टिकर. आधीची मालकीण विंडसरची एक निवृत्त शिक्षिका. चर्च आणि फुलांचं दुकान यांपलीकडे त्या गाडीने जगच पाहिलेलं नव्हतं.

"देतील की," विनय म्हणाला. "अँब्युलन्सला सगळेच देतात."

पण परीक्षित अशा बोलण्याने खचणारा नव्हता. तो नागपूरचा. स्लाऊच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या हे त्याचं काम. स्वतःच्या चुका करायला बिचाऱ्याला शनिवार-रविवारच मिळत. २००५चा तो अख्खा हिवाळा त्याने मायक्राखाली झोपून काढला.

आधी ब्रेक. मोठ्या डिस्क, नवे कॅलिपर, नवे पॅड. हे काम त्याने इतकं चोख केलं की पहिल्याच ट्रायलला विनयच्या मांडीवर सांबाराचा डबा होता, परीक्षितने सिग्नलला ब्रेक दाबला, गाडी थांबली आणि सांबार थांबलं नाही!

मग इंजिन. मूळचं हजार सीसीचं काढून स्क्रॅपयार्डातून आणलेलं तेराशे सीसीचं बसवायचं होतं. बर्फ पडायला लागल्यामुळे ते डिसेंबरभर हॉलमध्येच राहिलं, चादर पांघरून. विनयच्या आईने वेबकॅमवर पाहिलं आणि काळजीने विचारलं, "अरे, कोण आजारी आहे तिकडे?"

आणि शेवटी सस्पेन्शन. आखूड स्प्रिंगा घातल्या आणि गाडी चांगली चार बोटं खाली आली. परीक्षित फूटपाथवर मांडी घालून तिच्याकडे बघत बसला; डोळ्यांत अगदी पाणी! तेवढ्यात शेजारच्या मिसेस हॅरिस धावत आल्या. "तुमच्या गाडीची चारही चाकं कुणीतरी पंक्चर केली आहेत! पोलिसांना फोन करू का?"

एवढं सगळं करून पठ्ठ्याने रीतसर इन्शुरन्सलाही कळवलं. फोनवरच्या मुलीने ब्रेक ऐकले, इंजिन ऐकलं, स्प्रिंगा ऐकल्या, आणि जरा थांबून हळूच विचारलं, "बट... इट्स अ मायक्रा?"

आता वरदा. वरदा आगटे इल्फर्डला फार्मसिस्ट होती. जन्म तिथलाच, त्यामुळे मराठी फाडफाड बोलायची, पण व्याकरणाचं जमत नसे. तिच्या मराठीत गाडी 'तो' होता आणि फ्रिज 'ती'. तिकडच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला तिने परीक्षितला विचारलं होतं, "हा तिळगूळ तुझी आहे का?" आणि तेव्हापासून परीक्षित तिचाच होता. फक्त ही बातमी तिच्या वडिलांपर्यंत अजून पोचायची होती.

वडील म्हणजे डॉक्टर पुरुषोत्तम आगटे. मणक्याचे सर्जन. तीस-बत्तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात लोकांच्या पाठी सरळ करून नुकतेच निवृत्त झालेले. स्वतःची पाठही अशी ताठ की खुर्चीला टेकलेले त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांचा सत्कार मंडळाने क्रॉयडनच्या हॉलमध्ये ठेवला होता, एका रविवारी दुपारी. वरदाचा बेत असा, की मध्यंतरात बटाटेवडे खाताना वडिलांचा मूड चांगला असतो. तेव्हा परीक्षितने सहज जवळ यायचं, तिने सहज ओळख करून द्यायची.

पण सत्काराच्या सकाळीच फोन वाजला.

"परीक्षित! बाबांचा गाडी मेला!"

"मेली!" मागून खणखणीत आवाज आला. "गाडी मेली!"

"तेच ते. सुरूच नाही होत. ट्रेन बंद आहेत, संडेचं काम चाललंय रुळावर. आणि आईला मिनिकॅबमध्ये मळमळते. तू ये ना! गोल्डन चान्स आहे! मी सांगितलंय, मंडळातला एक मुलगा सोडेल आपल्याला."

"अगं पण चौघं..."

"चार सीट आहे ना?"

"सीटा आहेत गं. उंची नाही!"

फोन ठेवलेला होता.

परीक्षितने नवाकोरा रेशमी कुडता चढवला, गाडी पुसली आणि निघाला. इल्फर्डला पोचला तेव्हा आगटे कुटुंब दारातच उभं होतं. डॉक्टर काळ्या सुटात, कोटाला गुलाब लावलेला. सुहासिनीकाकू पैठणीत; आणि योगायोग बघा, पैठणीचा रंग अगदी गाडीचाच. वांगी! वरदा मोतिया रंगाच्या साडीत, केसांत फुलं.

काकूंनी मायक्राला नीट न्याहाळलं. "अगं बाई, ही अशी उकिडवी का बसलीय?"

"स्पोर्ट्स आहे, काकू," परीक्षित म्हणाला.

"हो का? मग दमली असेल."

पुढची सीट दुमडून काकू आणि वरदा मागे शिरल्या. डॉक्टरांनी पुढे बसताना, पेशंटला द्याव्यात तशा, स्वतःलाच सूचना दिल्या. "उजवा पाय आत. कंबर. आता मान. मान सांभाळा." ते बसले आणि गाडीने असा काही सुस्कारा टाकला, की चाक आणि पत्रा यांच्यामधून पोस्टकार्डसुद्धा गेलं नसतं.

गाडी वळून डॉक्टरांच्या रस्त्याला लागली आणि परीक्षितने ब्रेकवर पाय ठेवला. समोर स्पीड हम्प, म्हणजे आपला स्पीड ब्रेकर! त्याच्यापुढे आणखी एक! त्याच्यापुढे आणखी! मोठ्या रस्त्यापर्यंत नुसती रांग. मघाशी एकटा येताना गाडी हलकी होती, तेव्हा हे कळलंच नव्हतं.

"बघितलेत?" डॉक्टरांनी अभिमानाने बोट दाखवलं. "हे सगळे माझे!"

"तुमचे?"

"कौन्सिलच्या मागे लागून लागून बसवून घेतले. मुलं खेळतात इथे, म्हातारी माणसं रस्ता ओलांडतात. आता कुणी करून दाखवावी मस्ती!"

"अहो, त्याला गाडी चालवू द्या," मागून काकू.

परीक्षितने गाडी तिरकी केली आणि मुंगीच्या पावलाने पहिल्या हम्पवर घातली. खालून आवाज आला. खर्रर्रर्र! कुणीतरी मोठ्या पातेल्याचा तळ खरवडावा तसा.

"शाबास!" डॉक्टर एकदम खूश. "याला म्हणतात शिस्त. हम्पवरून असंच जायला हवं. नाहीतर आजकालची मुलं!" मग जरा कान देऊन, "पण हा आवाज कसला?"

"एक्झॉस्ट आहे, काका. थोडा... थोडा खालून टेकतो."

"हं. दुखत असणार."

वरदाने मागून परीक्षितच्या खांद्याला हळूच चिमटा काढला: छान चाललंय! परीक्षितलाही क्षणभर तसंच वाटलं. आणि दुसऱ्या हम्पने घात केला! पुढची चाकं उतरली, मागची चढलीच नाहीत, आणि मधलं पोट हम्पवर जे टेकलं ते टेकलंच. दगडावर ऊन खात बसलेल्या कासवासारखी मायक्रा तिथे स्थिर झाली. परीक्षितने अॅक्सिलरेटर दाबला. तेराशे सीसीने गर्जना केली. गाडी जागची हलली नाही.

"आता काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काका... जरा उतरावं लागेल."

सगळे उतरले. डॉक्टरांनी सुटाची पर्वा न करता रस्त्यावर एक गुडघा टेकला आणि गाडीखाली पाहिलं. मग उठले.

"स्प्रिंगा कापल्यात?"

"कापल्या नाहीत काका, बदलल्यात. आखूड घातल्यात."

"का?"

या प्रश्नाची परीक्षितकडे इंटरनेटवरून गोळा केलेली डझनभर उत्तरं होती. कॉर्नरिंग, बॉडी रोल, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी! पण मणक्याच्या सर्जनसमोर, मणक्यावर बसलेल्या गाडीशेजारी उभं असताना त्याच्या तोंडून खरं तेच निघालं.

"छान दिसते, काका."

डॉक्टरांनी गाडीकडे पाहिलं, परीक्षितकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं. "हं," एवढंच म्हणाले. आणि मग ऑपरेशन थिएटरात हुकूम द्यावेत तसा हुकूम सुटला. "सुहास, वरदा, मोठ्या रस्त्यापर्यंत चालत चला. तुम्ही रिकामी गाडी आणा. मी पुढे राहून खालचं अंतर बघतो."

आता हे दृश्य जरा डोळ्यांसमोर आणा. सर्वांत पुढे सुटातले, गुलाबवाले डॉक्टर, उलटे चालत, दोन्ही हातांनी 'या, या, सावकाश' करत. त्यांच्या बाजूने झगमगत्या पैठणीतल्या काकू. केसांत फुलं माळलेली वरदा. मागून त्याच पैठणीच्या रंगाची गाडी, पावलापावलाने. आत रेशमी कुडत्यातला, घामाने निथळणारा तरुण. आणि हे सगळं कुठे? तर निम्मी वस्ती आपल्याकडचीच असलेल्या इल्फर्डमध्ये, लग्नांच्या ऐन वाराला, रविवारी दुपारी!

गाडीच्या मागे चार-पाच गाड्या खोळंबल्या होत्या. त्यांनी चिडून हॉर्न वाजवायला सुरुवात केली. इल्फर्डात एकामागून एक हॉर्न वाजले की त्याचा अर्थ एकच, कुणाची तरी वरात! घराघरांचे पडदे बाजूला झाले. मग मागच्या गाड्यांच्याही डोक्यात प्रकाश पडला आणि रागाचे हॉर्न ठेक्यात वाजू लागले. एक सरदारजी आपली गाडी धूत होते. त्यांनी चारही दारं सताड उघडून भांगडा लावला आणि हातातला स्पंज गोल गोल फिरवत नाचायला लागले! एका बाईने तर बागेतल्या गुलाबाच्या पाकळ्या ओरबाडून बॉनेटवर उधळल्या.

"अहो, हे काय चाललंय?" काकू कासावीस झाल्या.

"पुढे बघ. चालत राहा," डॉक्टर दातांतल्या दातांत म्हणाले. "आपला काही संबंध नाही असं दाखव."

कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातून मालक लाडवांचं खोकं घेऊन धावत आला. त्याने खिडकीतून हात घालून परीक्षितच्या तोंडात अख्खा लाडू कोंबला. "मुबारक हो, दूल्हे राजा!"

तोंडात एवढा लाडू असताना माणूस खुलासा काय करणार? शेवटी काकूच पुढे सरसावल्या. त्यांचं हिंदी इंग्लंडात येऊन सुधारलेलं नव्हतं. "शादी नहीं है! शादी नहीं! गाडी नीची है!"

"कोई बात नहीं बहनजी," मालक गहिवरून म्हणाला. "गाडी छोटी हो तो क्या, दिल बडा होना चाहिए!" आणि उरलेलं खोकं त्याने डॉक्टरांच्या हातात ठेवलं. पैसे घ्यायलाही तयार होईना!

त्याच वेळी कोपऱ्यावरून ट्रेनऐवजी सोडलेली दुमजली बस वळली. वरच्या मजल्यावर, खिडकीला नाक लावून, मंडळाच्या खजिनदार सुप्रभाताई बसल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना पाहिलं. वरदाला पाहिलं. फुलं, लाडू, नवरदेव, सगळं पाहिलं. आणि पर्समधून मोबाईल काढला.

आपल्या चौघांना यातलं काही ठाऊक नव्हतं. हम्प संपले, सगळे परत गाडीत बसले. मोठा रस्ता आला, मायक्रा सुसाट धावू लागली. डॉक्टर मांडीवर लाडवांचं खोकं घेऊन ताठ बसले होते.

"ही मायक्राच ना?" त्यांनी मध्येच विचारलं.

"हो काका. इंजिन जरा मोठं घातलंय."

"हं."

आणि तेवढ्यात, डाव्या लेनमधल्या एका व्हॅनने, ना इंडिकेटर ना काही, सरळ पुढ्यात उडी मारली! परीक्षितने ब्रेक दाबला. चाकं किंचाळली नाहीत, गाडी वाकडीतिकडी झाली नाही; व्हॅनच्या मागच्या दारावर कुणीतरी बोटाने लिहिलेलं 'मला धुवा' वाचता येईल इतक्या अंतरावर ती गप्पकन उभी राहिली. थांबलं नाही ते फक्त लाडवांचं खोकं. डॅशबोर्डवर बुंदी, काचेवर बुंदी, डॉक्टरांच्या टायवर बुंदी.

मागे वळून परीक्षितने विचारलं, "काकू, लागलं नाही ना कुठे? वरदा?"

"आम्ही बऱ्या आहोत रे," काकू म्हणाल्या. तो 'रे' त्यांच्याही नकळत आला होता.

डॉक्टरांनी भुवईवरची बुंदी काढली, काय करावं न सुचून तोंडात टाकली, आणि म्हणाले, "ब्रेकसुद्धा बदललेत?"

"ते सगळ्यांत आधी बदलले, काका. पळवायचं नंतर बघू म्हटलं."

डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मान पूर्ण वळवून त्या मुलाचा चेहरा नीट पाहिला. काकूंनी मागून सांडलेले लाडू एका पिशवीत गोळा केले आणि गाडी पुढे निघाली.

क्रॉयडनच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं तर काय! सगळे चेहरे फ्रिजमधून काढल्यासारखे. अध्यक्ष श्रीनिवास जोगळेकरांनी हात जोडले, पण नुसते जोडले. "अभिनंदन, डॉक्टर. दुहेरी अभिनंदन."

"दुहेरी?"

सुप्रभाताई पुढे आल्या. बसमधूनच फोन करकरून त्यांनी हॉलभर काय काय पसरवलं होतं ते देवच जाणे! "बोलावलं नाहीत ते राहू दे. पण वीस वर्षांची ओळख, निदान मुलगा कुठला ते तरी कानावर घालायचं! मी या डोळ्यांनी वरात पाहिली, डॉक्टर. तुम्ही उलटे नाचत होता!"

"मी नाचत नव्हतो!" डॉक्टर कडाडले.

पण ऐकतो कोण? मागच्या रांगांत कुजबुज वाढतच चालली. एकीला तर नवरदेव गुजराती असल्याचंही कळलं होतं. शाल-श्रीफळ झालं, टाळ्या पडल्या, पण नाइलाजाने पडल्यासारख्या. डॉक्टर माइकसमोर उभे राहिले. भाषण मणक्याच्या आरोग्यावर तयार होतं. समोर रुसलेली दोनशे माणसं बघून त्यांनी ते बाजूला सारलं.

"माझ्या मुलीचं लग्न झालेलं नाही," ते म्हणाले. "आज इल्फर्डला जे दिसलं ती वरात नव्हती. ते... ते वाहतूक नियोजन होतं."

हॉलमध्ये हशा पिकला. जरा मोकळं वाटलं. पण मागून कुणीतरी विचारलंच, "मग तो मुलगा कोण?"

सगळ्या माना वळल्या. परीक्षित सर्वांत मागे, वड्यांच्या टेबलाशी उभा होता. एका हातात बशी, कुडत्यावर बुंदी.

"तो..." डॉक्टर अडखळले. कधी न अडखळणारा माणूस! "तो आजचा ड्रायव्हर."

परीक्षितने बशी खाली ठेवली. इतका वेळ हम्प, हॉर्न, लाडू सगळं त्याने सोसलं होतं, पण हे एक वाक्य मात्र थेट आत जाऊन बसलं. खोटं तरी काय होतं त्यात? तो हळूच दाराकडे वळला.

"बाबा!"

पहिल्या रांगेतून वरदा उठली होती. गाल लाल झालेले. "तो ड्रायव्हर नाही आहे. तो माझ..."

ती थांबली. पुढचं अक्षर सापडेना. माझी? माझं? दोनशे माणसं श्वास रोखून एका मुलीच्या मराठी व्याकरणाची वाट बघत होती. दारातला परीक्षित तर श्वास घ्यायचाच विसरला होता.

"माझा," वरदा म्हणाली. "माझा आहे तो."

डॉक्टरांनी दुरुस्ती करायला सवयीने तोंड उघडलं. पण वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच! तोंड तसंच उघडं ठेवून ते लेकीकडे बघत राहिले. मग खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ पुसला.

"बरोबर आहे," ते माइकमध्ये म्हणाले. "वाक्य बरोबर आहे."

अशी काही टाळी पडली म्हणता! पहिल्या रांगेतून सुहासिनीकाकू डोळे टिपत ओरडल्या, "अहो, मग ते लाडू आणा ना कुणीतरी! गाडीत पिशवी आहे!" तो बुंदीचा चुरा दोनशे माणसांत चमचा चमचा वाटला गेला. सुप्रभाताईंनी सगळ्यांत आधी घेतला, आणि वर म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं!"

संध्याकाळी कार पार्कमध्ये डॉक्टर परीक्षितजवळ आले. आता आशीर्वाद देतात की अटी घालतात, या विचाराने परीक्षित अदबीने वाकला. डॉक्टरांनी तळहात पुढे केला.

"किल्ली दे."

त्या संध्याकाळी क्रॉयडनहून इल्फर्डला मायक्रा डॉक्टर पुरुषोत्तम आगट्यांनी नेली. खिडकीची काच खाली, तोंडात नाट्यगीत, मोकळा रस्ता दिसला की इंजिनाची गर्जना, आणि विनाकारण दोनदा करून पाहिलेला जोरदार ब्रेक! काकू सुप्रभाताईंबरोबर बसने गेल्या. परीक्षित मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसला होता. शेजारी वरदा होती, त्यामुळे त्याला फारसं काही कळत नव्हतं.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं, रीतसर, सगळ्यांना बोलावून. पण त्याच्या कितीतरी आधीपासून शनिवारी सकाळी स्लाऊच्या घरी फोन खणखणू लागला होता. "परीक्षित, उद्या मोकळा आहेस का रे?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा परीक्षितला कोण आनंद झाला! होणारे सासरे आपण होऊन बोलावताहेत! "हो काका! अगदी मोकळा!"

"छान! मग वरदाला घेऊन कुठेतरी फिरून ये. चालत जा, तब्येतीला चांगलं असतं. गाडी तेवढी इकडे ठेव. मला लागणार आहे."